चवथीला लेक येऊ का विचारतेय. ओपीटीचं कार्ड हातात आहे, नोकरी अजून नाही

सुलभा, डिचोली – २६ जुलै २०२५

नमस्कार. मी डिचोली तालुक्यात सरकारी मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. ज्यांची मुलं अमेरिकेत शिकून तिथेच नोकरी शोधताहेत किंवा जे स्वतः यातून गेलेत, त्यांना विचारायचं आहे.

माझी लेक फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून सिव्हिल झाली आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये टेक्सासला एमएसला गेली. विषय पर्यावरण अभियांत्रिकी. पिण्याचं पाणी, सांडपाणी, त्याची शुद्धी, हे सगळं. यंदा १० मे रोजी तिचा कोर्स संपला. पुढे काम करता यावं म्हणून तिने मार्चमध्येच ओपीटीचा, म्हणजे शिक्षण संपल्यावर वर्षभर आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचा, अर्ज भरला होता, ४७० डॉलर फी भरून. जूनमध्ये कार्ड आलं. तिने मला फोटो पाठवला. बँकेच्या कार्डाएवढं कार्ड, डाव्या बाजूला तिचा फोटो, आणि त्यावर दोन तारखा: १ जुलै २०२५ पासून ३० जून २०२६ पर्यंत. मी तो फोटो देवासमोर ठेवून नमस्कार केला, कारण मला वाटलं आता झालं सगळं.

आता लेक म्हणते, आई, कार्ड मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं नव्हे. १ जुलैपासून ९० दिवस मोजले जातात, तेवढ्यात काम लागलं नाही तर राहता येत नाही. मुलाखती चालू आहेत, दोन ठिकाणी दुसऱ्या फेरीपर्यंत गेली, पण हातात पत्र नाही.

आणि इकडे यंदा गणपतीची पाळी आमची. मूळ घरात तीन भावांत आळीपाळीने येते, म्हणजे आमच्याकडे तीन वर्षांनी. मागच्या खेपेला गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी लेकीनेच बांधली होती, स्टुलावर उभी राहून, आंबाडे कुठे आणि तोरंजन कुठे हे तीच सांगत होती. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. रोज एकदा तरी विचारतात, "चेडूं केन्ना येता?", पोरगी कधी येते म्हणून. जाऊबाई म्हणतात व्हिसा २०२८ पर्यंत आहे, कार्ड आहे, मग पोरीला यायला कसली भीती? म्हापशाच्या तिकीट एजंटनेही तेच सांगितलं, व्हिसा आहे ना, मग झालं. २० ऑगस्टला यायचं आणि ५ सप्टेंबरला परत जायचं, असं तिकीट त्याने दाखवलं आहे. चवथ २७ तारखेला.

लेक "नको" म्हणत नाही. "तू सांग, तू म्हणशील तर येते" म्हणते. तिच्या आवाजावरून कळतं की तिला यायचंही आहे आणि भीतीही वाटते आहे. मी काय सांगू? ती गोव्यात असतानाचे दिवस त्या ९० मध्ये धरतात का? परत जाताना अडवतील का? आमच्या घरावर बँकेचं कर्ज आहे. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा यांचा ट्रक दारात उभा राहिला तो शेवटी विकावाच लागला, त्यानंतर जे काही उभं केलं ते या पोरीच्या शिक्षणात घातलं. माझ्या एका हो म्हणण्याने तिचं नुकसान व्हायला नको.

पर्वरीकर – २६ जुलै, रात्री

काकू, तुमचा प्रश्न वाचून उत्तर दिल्याशिवाय झोपवेना. मी २०१९ला यातूनच गेलो आहे. सध्या वेर्णाला एका कंपनीत आहे.

आधी सरळ उत्तर. नोकरीचं पत्र हातात नसेल तर तिला बोलावू नका. व्हिसा २०२८ पर्यंत असला तरी तो दारातून आत जायची परवानगी मागण्यापुरता कागद आहे. तिचं तिथे राहणं टिकतं ते विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या विद्यार्थ्याच्या दाखल्यावर आणि ओपीटीवर. ओपीटी मंजूर झालेला विद्यार्थी काम नसताना देशाबाहेर पडला, तर परत येताना विमानतळावरचा अधिकारी विचारतो, तुम्ही कशासाठी येताय? त्या वेळी "नोकरी शोधायला" हे उत्तर पुरत नाही. बाहेर पडताक्षणी ओपीटी संपली असं धरून तिला परत पाठवलं जाऊ शकतं. अर्ज अजून प्रलंबित असता तर गोष्ट थोडी वेगळी होती, पावती दाखवून जाता आलं असतं. पण तिचं कार्ड आलेलं आहे. एजंटला तिकीट विकायचं असतं, त्याला यातलं माहीत असण्याचं कारण नाही.

दुसरं, हो, गोव्यातले दिवस धरतात. काम नसलेला प्रत्येक दिवस धरतात, शनिवार, रविवार, नाताळ, सगळं. कार्डावर १ जुलै आहे म्हणजे १ जुलै हा पहिला दिवस. आज २६वा. ५ सप्टेंबरला ती परत पोचेल तेव्हा ६७ संपलेले असतील आणि २३ उरतील. नव्वदावा दिवस २८ सप्टेंबर. ही तारीख तुम्हीही लिहून ठेवा. काम लागेपर्यंत ती पुढे सरकत नाही.

माझं सांगतो. मी मेकॅनिकल, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात होतो. ओपीटी कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आत कधीही सुरू करता येते, ती तारीख आपणच निवडायची असते. मला घाई होती. मी पहिलीच तारीख मागितली, २० मे २०१९. तुमच्या लेकीने १ जुलै निवडली, म्हणजे ती माझ्यापेक्षा शहाणी आहे, तिला तसं सांगा. इंडियन स्टोअरमध्ये फुकट मिळालेलं एक कॅलेंडर मी पलंगाच्या वर लावलं होतं. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलने आकडा लिहायचो. जुलैचं पान उलटायची वेळ आली तेव्हा ७० लिहिलं होतं. घरी फोन केला की आई विचारायची, जेवलास काय? आणि मी हो म्हणायचो. तिला आकडा कधी सांगितला नाही. आज वाटतं सांगायला हवा होता, कारण तिला फक्त एवढंच दिसत होतं की मुलगा फोनवर नीट बोलत नाही.

एक्काहत्तराव्या दिवशी आमच्या विभागातल्या एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांच्या लॅबमध्ये एक यंत्र बिघडून पडलं होतं, ते दुरुस्त करून त्यावर चाचण्या घ्यायला कुणीच नव्हतं. मी म्हटलं, पैसे नकोत, आठवड्याला २० तास येतो. पहिल्या वर्षाच्या ओपीटीत बिनपगारी कामही चालतं. अट एवढीच की ते आपल्या विषयातलं असावं, आठवड्याला किमान २० तास असावं आणि जिथे कायद्याने पगार द्यायलाच हवा अशी जागा फुकटात भरलेली नसावी. प्राध्यापकांनी पत्र दिलं, मी ओपीटीच्या सरकारी पोर्टलवर कामाची नोंद केली आणि मोजणी ७१ वर थांबली. पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली. ऑक्टोबरमध्ये त्याच लॅबच्या ओळखीने नोकरी लागली.

तुमच्या लेकीचा विषय पाण्याचा आहे. प्रत्येक मोठ्या विद्यापीठात पाणी तपासणारी लॅब असतेच, आणि उन्हाळ्यात तिथे माणसं कमी असतात. तिला म्हणावं, ८० होईपर्यंत थांबू नको, आत्ताच विचार.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. तिची पदवी स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांत येते, म्हणून १२ महिन्यांनंतर आणखी २४ महिने मिळू शकतात. पण त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफाय नावाच्या सरकारी व्यवस्थेत नोंदलेली असावी लागते, काम पगारी असावं लागतं आणि आय-९८३ नावाचा प्रशिक्षणाचा आराखडा कंपनीने सही करून द्यावा लागतो. मी नोकरी लागल्याच्या आनंदात हे विचारलंच नाही. २०२०च्या फेब्रुवारीत मुदतवाढीचा अर्ज भरायला बसलो, फॉर्ममध्ये कंपनीचा ई-व्हेरिफाय नंबर मागितला होता. एचआरच्या बाईंकडे गेलो. त्यांनी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. आठवडाभराने मालकाने सांगितलं, आम्ही छोटी कंपनी आहोत, आम्ही त्यात नाही आणि जाणारही नाही. दुसरीकडे शोधायला लागलो आणि मार्च आला. मार्च २०२० काय होता ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९ मेला माझी ओपीटी संपली. नंतरचे ६० दिवस आवराआवरीसाठी मिळतात, त्यात सरकारच्या वंदे भारत मोहिमेच्या विमानात जागा मिळाली, दिल्लीमार्गे घरी आलो.

म्हणून लेकीला सांगा, मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचार: तुम्ही ई-व्हेरिफायमध्ये आहात का? विचारण्यात कमीपणा नाही. ज्या कंपन्यांत परदेशी मुलं काम करतात त्यांना हा प्रश्न पाठ असतो, आणि ज्यांना तो कळत नाही त्यांच्याबद्दल आपल्यालाच काहीतरी कळतं.

सध्या ओहायो, मूळ फोंडा – २७ जुलै

ताई, पर्वरीकरांनी मुख्य ते सांगितलंच आहे. मी सध्या मुदतवाढीच्या दुसऱ्या वर्षात आहे, त्यात थोडी भर घालते.

नोकरी लागल्यावर ती येऊ शकते. मीही मागच्या डिसेंबरात येऊन गेले. मंजूर रजेचे दिवस बेकारीत धरत नाहीत. मी जवळ ठेवलेले कागद: पासपोर्ट, त्यातला चालू व्हिसा, कार्ड, कंपनीचं पत्र, आणि आय-२०, ज्यावर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही सहा महिन्यांच्या आतली आहे. शेवटची गोष्ट मुलं विसरतात. शिकत असताना ती सही वर्षभर चालते, ओपीटीवर सहाच महिने. माझ्या शेजारच्या मुलाची सही आठ महिन्यांची निघाली, त्याला बाजूच्या खोलीत तीन तास बसवलं होतं.

व्हिसा संपलेला असता तर मुंबईच्या वकिलातीत जावं लागलं असतं आणि यंदा ते जड गेलं असतं. मेच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलं होतं, जूनमध्ये सुरू केलं ते समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवण्याच्या अटीवर. तुमच्या लेकीचा २०२८ पर्यंत आहे, हे भाग्य समजा.

पोर्टलवर नोंद करायला दहा दिवस असतात. काम लागलं, सुटलं, पत्ता बदलला, सगळं दहा दिवसांत. या मे महिन्यात अनेक ओपीटीवाल्यांना सरकारी पत्रं गेली, तुमच्या नावावर ९० दिवसांत कुठल्याच मालकाची नोंद नाही, १५ दिवसांत माहिती द्या म्हणून. त्यातल्या काही मुलांना नोकरी होती, नोंद मात्र केलेली नव्हती.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते. साठ-सत्तर दिवस झाले की मुलांना फोन यायला लागतात. आमची कन्सल्टन्सी आहे, तुला कागदावर कामाला दाखवतो, मोजणी थांबेल, महिन्याला इतके डॉलर दे. बोलणारा कधीकधी आपल्याच भाषेत बोलतो, म्हणून विश्वास बसतो. माझ्याबरोबर राहणाऱ्या मुलीने असं पत्र घेतलं होतं. दीड वर्षाने तिने दुसऱ्या व्हिसाचा अर्ज केला तेव्हा त्या कंपनीच्या पगाराच्या पावत्या मागितल्या. पावत्या असणारच कुठून? ती आज भारतात आहे आणि तिच्या नावापुढे खोटी माहिती दिल्याचा शेरा आहे, जो पुसला जात नाही. ९० दिवस संपून सरळ परत आलेलं मूल पुन्हा अर्ज करू शकतं, पण असा शेरा बसला की अमेरिकेची दारं जवळजवळ बंद होतात. ताई, लेकीशी हे एकदा स्पष्ट बोला. तिला असा फोन आला असेल तर ती तुम्हाला आपणहून सांगणार नाही, तुम्हीच विचारा.

मडगावचा – २७ जुलै

इतकी काळजी कशाला? तिच्या आजोबांचा जन्म १९६१च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला असणार. लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढा. आमच्या वाड्यावरची निम्मी घरं तशीच बाहेर गेली. मग युरोपियन युनियनमधल्या देशांत काम करता येतं.

पर्वरीकर – २७ जुलै

दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण काकूंचा प्रश्न ९० दिवसांचा आहे आणि ती नोंदणी काही आठवड्यांत होणारी गोष्ट नाही. आधी आजोबांची, मग वडिलांची, मग मुलीची, आणि जुन्या दाखल्यातलं नाव एका अक्षराने वेगळं निघालं तर पुन्हा कोर्टकचेरी. शिवाय पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं नागरिकत्व जातं. तो निर्णय घरच्यांनी शांतपणे बसून घ्यायचा, बेकारीच्या भीतीने नव्हे.

अमेरिकेतही त्याने ओपीटी बदलत नाही. पासपोर्ट कुठलाही असो, ९० म्हणजे ९०च. पुढे ग्रीनकार्डाच्या रांगेतसुद्धा जन्म कुठल्या देशात झाला ते पाहतात, आणि लेकीचा जन्म डिचोलीचा.

मडगावचा – २७ जुलै

बरोबर आहे. घाईघाईत लिहिलं. काकू, मनावर घेऊ नका.

सुलभा, डिचोली – ३० जुलै

सगळ्यांना देव बरें करूं. तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी लेकीशी बोलायचं होतं.

रविवारी रात्री तिला फोन लावला तेव्हा पहिलं वाक्य हेच म्हटलं, तू चवथीला यायचं नाही, हे मी ठरवलंय, तुझ्यावर टाकत नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग रडली. मी रडू दिलं. मग पर्वरीकरांनी लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं, कॅलेंडरवरच्या आकड्यांचं आलं तेव्हा ती म्हणाली, आई, माझ्याकडे फोनमध्ये आहे तसं. मला माहीत नव्हतं. रोज रात्री ती एक आकडा लिहिते आणि मग मला फोन करून विचारते की आज काय रांधलं.

फोंड्याच्या ताईंनी सांगितलं तसं मी कन्सल्टन्सीचंही विचारलं. दोन फोन आले होते. एक मराठीतून. महिन्याला ५०० डॉलर मागत होता. तिने नाही म्हटलं होतं, पण नंबर जपून ठेवला होता. माझ्यासमोरच पुसला.

मग तिने सोमवारी तिच्या विभागातल्या बाईंना ईमेल केली. त्यांची एक लॅब आहे, नदीच्या पाण्याचे नमुने येतात, नायट्रेट आणि जिवाणू तपासतात. बाईंनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं आणि विचारलं, एवढे दिवस का नाही आलीस? आठवड्याला २० तास, पगार नाही, पण सोमवारपासून, म्हणजे ४ ऑगस्टपासून ये म्हणाल्या. मी मोजलं, ३ ऑगस्टपर्यंत ३४ दिवस जातात. म्हणजे ५६ शिल्लक राहतात, बरोबर ना? इकडे सासूबाईंना मी सांगितलं, पोरीला परीक्षा आहे. त्या परीक्षेला मान देतात. शाळा न शिकलेली बाई, पण मी पेपर तपासत असले की आवाज करत नसत. म्हणाल्या, बरें, परीक्षा जाल्यार येवं दी.

जाऊबाई रागावल्या आहेत. रागावू देत. माटोळी यंदा मी बांधेन.

आता एकच विचारायचं राहिलं. बाईंचं पत्र विद्यापीठाच्या लेटरहेडवर लागतं का, आणि त्यात नेमकं काय हवं? लेक विचारायला संकोचते आहे, त्या एवढ्या चांगल्या वागल्या म्हणून.

पर्वरीकर – ३० जुलै

५६ बरोबर आहेत, काकू.

लेटरहेडवरच घ्या. माझ्या पत्रात कामाचं नाव, कुठल्या तारखेपासून, आठवड्याला किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, आणि ते काम माझ्या पदवीशी कसं जोडलेलं आहे याची चारपाच वाक्यं होती. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, पोर्टलवरही तेच लिहावं लागतं. मजकूर लेकीनेच तयार करून बाईंना द्यावा, त्यांनी वाचून सही करावी. प्राध्यापकांना असंच आवडतं, त्यांचा वेळ वाचतो. पोर्टलवर नोंद ४ तारखेलाच करायची, दहाव्या दिवसाची वाट पाहायची नाही, आणि नोंद झाल्याच्या पानाचा फोटो जपून ठेवायचा.

तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कचेरीतल्या अधिकाऱ्याला, डीएसओ म्हणतात त्यांना, काम सुरू करण्याआधी एकदा पत्र दाखवून घ्यावं. प्रत्येक विद्यापीठात बिनपगारी कामाबद्दल थोडं इकडेतिकडे असतं. आणि लॅबमध्ये असताना नोकरीचे अर्ज थांबवायचे नाहीत. मी पहिले दोन आठवडे थांबवले होते, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. मोजणी थांबते, पण कार्डावरचे १२ महिने चालूच असतात.

सुलभा, डिचोली – ३१ जुलै

कळवलं तिला. उद्या सकाळी दहाला तिची त्या अधिकाऱ्यांशी वेळ ठरली आहे. पत्राचा मजकूर तिने रात्री लिहिला, इंग्रजी आहे, पण "नदीचं पाणी" कुठे आलंय ते मला कळलं.